ऑफिसच्या कॉलवर दिसला आमचा कॅप्टन

मंडळी, आज मी त्याला पाहिलं! तेही ऑफिसात बसून!

दुपारी सॉफ्टवेअरमधल्या एका बगवरून परदेशी क्लायंटशी व्हिडिओ कॉल चालू होता. अचानक तिकडून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला. क्लायंटकडचा पीटर म्हणाला, "माफ करा, आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन क्लब सोडतोय. खालून त्याची मिरवणूक चाललीय."

माझा कॅप्टन! शाळेपासून नोकरी लागेपर्यंत त्याचे सगळे गोल मी कोथरूडच्या घरी बाबांशेजारी बसून पाहिलेत.

मी ओरडलेच, "पीटर, लॅपटॉप खिडकीत धर!"

आमच्या मॅनेजर कुलकर्णी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दाखवू दे. बग काही पळून जात नाहीये."

उघड्या बसवर तो डोळे पुसत हात हलवत होता. त्याला दिसणार नाही हे माहीत असूनही मी हात हलवला. मग बघते तर मॅडमही!

तुमच्या लाडक्या खेळाडूने क्लब सोडला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?