धुण्यांवर मोजलेले सिनेमे

सिनेमा संपला की माझी बायको एक आकडा सांगायची. ‘दोन धुण्यांचा.’ किंवा, ‘सात-आठ धुणी काढेल.’ फार क्वचित, ‘हा विरायचा नाही.’ सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलांच्या दुकानात ती बावीस वर्षं काउंटरवर होती. गिऱ्हाइकासमोर चादर उलगडायची, उलटी बाजू दाखवायची, काठ चिमटीत धरून चोळायची आणि किती धुण्यांनंतर रंग उतरेल ते खरं सांगायची. मालकाला हे आवडत नसे. पण गिऱ्हाइकं तिलाच विचारत दुकानात येत, म्हणून तो काही बोलत नसे. सिनेमांना आणि मालिकांनाही तिने तीच मोजणी लावली. मी शाळेत ग्रंथपाल होतो. एखाद्या सिनेमाबद्दल बोलायला मला अर्धा तास लागायचा, तिचं दोन शब्दांत व्हायचं.

तिला जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मला एकच गोष्ट टोचत राहिली. एका मालिकेचा शेवट मी तिला खोटा सांगितला होता, आणि तो खरा समजून ती गेली. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण जी बाई आयुष्यभर कापडाची उलटी बाजू दाखवत आली, तिला मी शेवटी सुलटीच बाजू दाखवली, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

आम्ही जाणकार प्रेक्षक नव्हतो. संध्याकाळी सातला जेवण, साडेसातला टीव्ही, आणि रविवारी दुपारी जमलं तर थिएटर. मतं मात्र दोघांनाही होती. गावाकडच्या गोष्टी सांगणारा एक सिनेमा खूप गाजला होता. त्यात नायिका चुलीपुढे बसून भाकरी करते, डोळ्यांतून पाणी येतं, मागे बासरी वाजते. मला ते दृश्य आवडलं होतं. बायको मैंदर्गीची, ज्वारीच्या गावची. ती म्हणाली, “भाकरीला पाणी कुठं लावलं तिनं? तशीच तव्यावर टाकली. पापुद्रा काय बासरीनं येणार आहे?” त्या दिवसापासून सिनेमातलं कुणी भाकरी थापायला लागलं की माझं लक्ष रडण्याऐवजी पाण्याच्या वाटीकडे जातं.

युद्धाच्या सिनेमांत बर्फातून चार दिवस चालून आलेल्या जवानांच्या शर्टाला इस्त्री असे, ते तिला खटके. मला खटकायचं ते वेगळंच. गुन्ह्यांच्या मालिकांत पोलीस कुणाच्याही घरात शिरले की दिवा लावत नाहीत. बटण भिंतीवर असतं, तरी हातातला टॉर्च फिरवत बसतात. आणि सासू-सुनांच्या मालिकेत पडद्याआडून ऐकणारी बाई नेहमी अर्धंच ऐकून का जाते, हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. “हिला कुणी खुर्ची द्या गं,” बायको म्हणायची, “बसून सगळं ऐकेल तरी.”

कधी आमचं पटायचं नाही. एका म्हाताऱ्याचा आणि त्याच्या आटलेल्या विहिरीचा सिनेमा मला फार मोठा वाटला होता. दोन तासांत कुणी पंधरा वाक्यंही बोलत नाही. मध्यंतरापर्यंत ती झोपली होती. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “तू पाहिलाच नाहीस, आता आकडा सांगू नकोस.” ती म्हणाली, “जेवढा पाहिला तेवढा धुण्याला टाकायच्या आधीच विरला होता.” मी घरापर्यंत बोललो नाही. गेल्या महिन्यात तो मी पुन्हा लावला. चाळीस मिनिटांनी मलाही झोप आली. हे तिला सांगायला हवं होतं.

आमच्या घरात एक नियम होता. मालिका दोघांनी मिळून पाहायची, एकट्याने पुढे जायचं नाही. ती बहिणीकडे आठवडाभर गेली, तर मालिका आठवडाभर तिथेच थांबायची. परदेशी मालिका असली की खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत मोठ्याने सांगत जायचो. त्यात तिने मला अनेकदा पकडलं होतं.

“तो एवढंसं बोलला,” ती म्हणायची, “आणि तुमचं अजून चाललंयच?”

“अगं, त्याच्या बोलण्यात ते सगळं येतं.”

“त्याच्या येत नाही. तुमच्या येतं. जेवढं आहे तेवढं सांगा, अहो.”

मग ती आजारी पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा आमची एक हिंदी मालिका अर्ध्यावर होती. डोंगरातल्या एका गावात पोस्टातून निवृत्त झालेली विधवा बाई, तिची तीन मुलं, आणि त्या मुलांची घरावरून चाललेली भांडणं. आठ भागांतले चार पाहून झाले होते. पडद्याकडे पाहिलं की तिला भोवळ यायची, म्हणून डॉक्टरांनी मोबाइल आणि टीव्ही दोन्ही बंद केले. दोन दिवस ती छताकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही घरी जाऊन पुढचा भाग बघा आणि मला येऊन सांगा. पण खरं सांगा.”

नियम तिनेच मोडला, म्हणून मी पाहिला. सकाळी घरी एक भाग पाहायचा, आंघोळ करून, डबा घेऊन दुपारी दवाखान्यात जायचं आणि तिला तो सांगायचा. पाचवा, सहावा आणि सातवा भाग मी जसाच्या तसा सांगितला. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच, “थोरली सून काय नेसली होती?” असं विचारायची. मला आठवत नसे, तेही मी खरं सांगत होतो.

आठव्या भागात ती पोस्टातली बाई मरते. मुलांचं भांडण कसं मिटवावं हे लिहिणाऱ्यांना सुचलं नाही, म्हणून तिला अचानक दवाखान्यात घालतात. मुलं खाटेभोवती उभी राहून रडतात आणि एक होतात. त्या खाटेशेजारी अडकवलेली सलाईनची बाटली अगदी बायकोच्या खाटेशेजारी होती तशीच होती. मालिका म्हणूनही तो शेवट वाईट आहे, हे माझं आजही मत आहे. पण तेव्हा मी मतासाठी तो बदलला नाही. दुपारी तिच्याजवळ बसलो, तिने डोळे मिटले, आणि माझ्या तोंडून ते निघेना.

मी म्हटलं, “ती बाई घर विकते.”

“विकते?” तिने डोळे उघडले.

“हो. कुणाला न विचारता. बस स्टँडाजवळ एक खोली भाड्याने घेते आणि मुलांना पत्ता देत नाही.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, “संपली?”

तिथे मी ‘संपली’ म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “नाही, अजून आहे.”

दुसऱ्या दिवशी मी नववा भाग सांगितला. खोलीच्या खिडकीतून बस दिसतात, कोणती बस उशिरा येते हे त्या बाईला पाठ होतं. तिसऱ्या दिवशी दहावा. शेजारच्या खोलीतल्या म्हातारीला वाचता येत नाही, तर ही तिची पत्रं वाचून दाखवते. बायको विचारायची, “खिडकीला पडदा लावला का तिनं?” मी म्हणायचो, “आज लावला.” “कसला?” “निळा.” “पक्क्या रंगाचा घ्यायचा म्हणावं, ऊन येतं तिथं.” अकराव्या भागात त्या बाईचा धाकटा मुलगा स्टँडवर तिला शोधत येतो. तो मी अर्धाच सांगितला, कारण तिला झोप लागली. पुढचे दोन दिवस तिला ऐकण्याइतकी शुद्ध नव्हती. मग ती गेली.

मागच्या आठवड्यात मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, अजून मैंदर्गीलाच असते. दुपारच्या एसटीने आली, सोबत शेंगांची पिशवी. चहा झाला, शेंगा फोडता फोडता तिने विचारलं, “दाजी, टीव्ही बघता का न्हाय आता?”

“कधी कधी.”

“बघत जावा की. अक्काला बंद टीव्ही आवडत नव्हता.”

त्यावर मी तिला सगळं सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी. शेवट बदलला, तीन भाग मनाने वाढवले, आणि ती ते खरं मानून गेली. मेहुणीने हातातली शेंग खाली ठेवली आणि ती हसायलाच लागली. हसताना डोळे पुसत होती.

“दाजी, ती मालिका मी बघितली होती की. एका दिवसात, सगळी.”

“मग?”

“मग काय! तुम्ही आठवा भाग सांगून घरी गेलात, अन् अक्कानं नर्सबाईला मला फोन लावायला सांगितला. म्हणली, ती पोस्टातली बाई खोली भाड्यानं घेती का गं? मी म्हणलं, कुठली खोली? ती तर मरती.”

मी हातातली शेंग परत पिशवीत टाकली.

“माझी जीभच चावली मी. पर अक्का गप न्हाय बसली. म्हणली, मला वाटलंच. ते खोलीबिली सांगायला लागले की समजायचं, हे ह्यांचं घरचं हाय.”

“तिला माहीत होतं?”

“व्हय की. रोज मला फोन. आज नववा झाला, आज दहावा झाला. मी म्हणलं, अगं भाग आठच हायत. तर म्हणली, गप. त्यांना सांगू नको, न्हाईतर थांबतील.”

मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसल्यावर जे विचारायचं होतं ते विचारलं. “आकडा सांगितला होता का काही?”

मेहुणीला आकड्यांची सवय माहीत होती. तिने आधी टरफलं एका बाजूला सारली.

“मी विचारलं होतं. कसं काय सांगतात दाजी म्हणून. तर म्हणली, एका धुण्याचं हाय गं. रंग जातोयच.” तिने एक शेंग उचलली. “म्हणली, पर मला एकच धुणं पुरे हाय.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्याची गाडी लांब जाईपर्यंत आम्ही दोघं शेंगा फोडत होतो. आकडा खरा होता. माझी गोष्ट तेवढीच टिकण्यासारखी होती, आणि तिने ती उलटी बाजू पाहूनच घेतली होती.

थोड्या वेळाने मेहुणी म्हणाली, “अकराव्यात तो धाकटा पोरगा स्टँडवर आला म्हणालात. अक्काला झोप लागली. पुढं काय झालं?”

“ते मालिकेत नाही,” मी म्हटलं. “माझं आहे.”

“ते ठाऊक हाय. सांगा की. माझी पाचची एसटी हाय.”

मी सांगायला लागलो.