रुपराव मास्तरचा लोखंडी गोळा

माह्ये भाऊजी, म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचे, मनकर्णाबाईचे, मालक रुपराव, छोट्या लाइनीवर तीस वर्षं स्टेशन मास्तर होते. माणूस रिटायर झाला, मास्तरकी काही झाली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी बाईले लेखी खुलासा मागत. शेवटी तिनंच वैतागून सांगितलं, तुमच्या त्या कंदिलाईले घ्या आन घराबाहेर व्हा.

मंग रेल्वे कॉलनीतल्या एका रिकाम्या खोलीत भाऊजीनं आन धोंडबा पोर्टरनं म्युझियम मांडलं. दोघंही बिनपगारी. पंचवीस कंदील, एक घंटा, चार झेंड्या. पण कायदा पाहा. छोट्या लाइनीवर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी सुटत नसे, आन तो पुढच्या स्टेशनात जमा होईस्तोवर मागून दुसरी गाडी सोडत नसत. तोच कायदा अठी. पाहुण्यानं रजिस्टरात सही करायची, गोळा घ्यायचा, आत जायचं. गोळा परत आला की मंग दुसरा पाहुणा.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत मी नरखेडहून संत्री घेऊन गेलो. साळा म्हणून काही सूट नाही, मलेही सही कराले लावली. भाऊजी एकेका कंदिलाचं पुराण सांगत. चौथ्या कंदिलापाशी मले डुलकी लागली. पाचवा पुसाले ते पाठमोरे झाले तसा मी हळूच सटकलो आन एसटी पकडली. घरी थैली उपडी केली तर संत्र्याच्या सालीत गोळा! म्हटलं, पोळ्याले गेलो की देऊ. असा मी आळशी.

पंधरा दिवसानं बाईचं कार्ड आलं. रजिस्टरात तुही सही आहे, गोळा नाही, म्हणून तू अजून आतच आहे, असं हे म्हणतात. कोणाले आत सोडत नाहीत. सोमवारी रेल्वेचा साहेब येऊन राहिला, त्याले खोली सिमेंट ठेवाले पाहिजे. ह्याईनं अन्न सोडलं. तू ताबडतोब येजो.

सोमवारी मी पहिल्या एसटीनं धावलो, ती काटोलात पंक्चर. मी पोचेस्तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, धोंडबानं मागून सांगितलं. साहेब दारात आला तर भाऊजीनं हात जोडले. आत माणूस आहे, म्हणे, गोळा आल्याशिवाय सोडता येत नाही. साहेबानं खिडकीतून पाहिलं. कोणी नाही. भाऊजीनं रजिस्टर पुढं केलं. साहेबही रेल्वेचाच, सही त्याले मोडता येईना. दोन तास बाकड्यावर तळमळला, मंग हुकूम लिहून जीपमध्ये बसला: आतला इसम बाहेर येताच खोली रिकामी करावी.

जीप गेली आन मी गोळा डोक्यावर धरून कोपऱ्यावर आलो. वाटलं, आता शिव्या पडतात. तर भाऊजी लाल झेंडी घेऊन माह्याकडं पळत सुटले.

"तठीच थांब! गोळा दिला का खोली गेली. मागं फिर, गा!"

धोंडबा म्हणे, पाहुण्यासाठी दुसरा गोळा करून घेऊ. भाऊजी त्याच्यावर असे वसकले, का एका लाइनीवर दोन गोळे म्हणजे टक्कर, माहीत नाही का तुले.

त्याले आता आठ वर्षं झाले. गोळा माह्या घरी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून आहे. म्युझियम शाबूत आहे, पण पाहुण्याले बंद. फक्त मले जाता येते, काऊन का मी आतच आहो. म्हणून दर महिन्याले जातो. नाही गेलो तर त्या माणसाचं ऐकणार कोण, सांगा. सारे कंदील तिसऱ्यांदा ऐकून राहिलो, आन खरं सांगतो, आता डुलकी येत नाही.

भाऊजी थकले. निघताना दरवेळी माह्या बाहीले धरतात.

"अनंता, तू आतच आहे ना, गा?"

आतच आहो भाऊजी, म्हणतो, आन एसटी पकडतो.