पुढच्याचं मडगार्ड

शनिवारची सकाळ. लापशी तळाला लागायच्या बेतात होती आणि हेझल गॅसकडे पाठ करून, स्वयंपाकघरातच उलटी ठेवलेल्या सायकलचं मागचं चाक फिरवत होती. खर्र, खर्र. नवा टायर मडगार्डला घासत होता.

"बसवला तेव्हा तर छान फिरत होता!"

"तेव्हा उपाशी होता," पेपरआडून तिचा नवरा रेमंड म्हणाला. "तू हवा भरून बाळसं आणलंस त्याला."

झालं होतं तसंच. जुने टायर गुळगुळीत झाले, म्हणून हेझलने या खेपेला मुद्दाम रुंद, बत्तीस नंबरचे आणले. थंडी पडली की तिची मनगटं ठणकत. रुंद टायरमध्ये हवा जरा कमी ठेवली तर खड्ड्याचा दणका हातापर्यंत येत नाही. पण ऑटली गावातल्या त्यांच्या सायकल मंडळात हिवाळाभर एकच कायदा: मडगार्ड नाही त्याने सगळ्यांच्या शेवटी राहायचं, मागच्याच्या तोंडावर चिखल उडवायचा नाही. आणि शेवटचा माणूस चढावर मागे पडतो, मग हळूहळू रविवारच्या फेरीला यायचाच बंद होतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं. तरी तिने मनगटांची बाजू घेतली. मडगार्ड काढायला पाना उचलला, तेवढ्यात दार वाजलं.

दारात क्लिफर्ड, खांद्यावर दोन टायर अडकवून. हेझल बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा माणूस फाटकाच्या आत कधी आला नव्हता.

क्लिफर्ड बस डेपोत फिटर होता, आता निवृत्त. भांडी घासायच्या साबणाच्या रिकाम्या बाटल्या कापून तो सगळ्यांच्या मडगार्डांना खाली पट्ट्या लावून द्यायचा, म्हणजे उरलेसुरले शिंतोडेही मागे उडत नसत. रविवारी मात्र कायम हेझलच्या चाकामागे. मागच्यांना हलकं जावं म्हणून पुढे होऊन वारा अंगावर घ्यायची पाळी आली की हा गायब. मंडळी त्याला तोंडावर 'फुकट्या' म्हणत आणि तो हसत असे.

"दुकानात कळलं, बत्तीसचे नेलेस," स्वयंपाकघरात येत तो म्हणाला. "म्हटलं, आता ही बाई मडगार्ड काढणार. हे अठ्ठावीसचे बघ. मध्ये पेन्सिल जाईल एवढी फट राहील. चिखलातला खडा अडकायचा नाही."

"आणि माझी मनगटं?"

"हवा कमी ठेव. बत्तीसइतकं मऊ नाही लागणार, पण जुन्यापेक्षा बरं."

"अरे, पण तुला कशाला एवढी काळजी? मी शेवटी गेले तर तुझं तोंड स्वच्छच राहणार की!"

"वाराही अंगावर घ्यावा लागेल ना आता त्याला!" रेमंड खदखदून हसला.

क्लिफर्डने मान वळवली नाही. रेमंड त्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर बसला होता. हेझलला नवल वाटलं. ती लापशी ढवळायच्या निमित्ताने क्लिफर्डच्या उजव्या बाजूने मागे गेली आणि म्हणाली, "चहा टाकू?"

उत्तर नाही. तो टायर अंगठ्याने दाबून बघत होता.

ती वळसा घालून समोर आली. "क्लिफर्ड, कधीपासून रे?"

त्याने टायर टेबलावर ठेवला. "उजवा कान दोन वर्षं झाली. डावाही चाललाय. यंत्र लावलं तर सायकलवर नुसता वारा ऐकू येतो. मागून 'गाडी आली' ओरडतात, ते मला कळत नाही."

"मंडळाला सांगायचंस!"

"घरी बसवतील."

"म्हणून पुढे जात नाहीस होय! आणि लोक फुकट्या म्हणतात ते ऐकून घेतोस."

"तेही नीट ऐकू येत नाही," क्लिफर्ड म्हणाला, आणि रेमंडने पेपर खाली ठेवला.

"बाकीचे नुसते ओरडतात, हेझल," क्लिफर्ड पुढे म्हणाला. "तू अजून जुन्या रीतीने हाताने दाखवतेस. खड्डा आला की बोट खाली, गाडी आली की कमरेमागे हात. मी तेवढं बघून चालवतो."

हेझलने अठ्ठावीसचा टायर मडगार्डखाली धरून पाहिला. फट दिसत होती. तिने आपलं मनगट हळूच चोळलं.

"आणि दुखलंच तर?"

"तर हळू जाऊ. पण मडगार्ड काढू नकोस, आणि उद्या माझ्या पुढे राहा."