एका हाताची पिशवी

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. तासाला फोन घ्यायचा नाही हे मुलींना बजावणारी मीच, पण राजूरचा नंबर दिसला आणि घेतला. पलीकडे आत्याच्या शेजारच्या हौसाबाई होत्या. "ताई, सिस्टर गेल्या. सकाळी चहा घेऊन गेल्ते, हाक मारली तर ओ न्हाई..." मग म्हणाल्या, "खुंटीवरची पिशवी तुमच्याकडंच द्यायची म्हनून सांगून ठिवलं हुतं त्यांनी. मी कुनाला हात लावू दिला न्हाई." माणूस गेल्याच्या बातमीत पिशवीचा निरोप. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला रागच आला असता. रूथआत्याच्या बाबतीत मला रडू आलं, तेही सगळ्या वर्गासमोर. त्याला आता तीन आठवडे झाले.

रूथआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांमध्ये तिने नर्स म्हणून अख्खी नोकरी काढली, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर "नगरला येऊन काय करू, तुमचा मिक्सर पुसू?" म्हणत राजूरलाच राहिली. तिथं राहून तिची भाषाही तिथलीच झाली होती. बोलायला एक नंबरची फटकळ. माझंही तोंड तिच्यावर गेलंय असं पप्पा म्हणतात, त्यामुळे आमच्या भेटी म्हणजे भांडणंच असायची आणि ती दोघींनाही आवडायची. तिच्या दाराशेजारी खुंटीला ताडपत्रीची, तिनेच शिवलेली एक पिशवी टांगलेली असे. गळ्यातून तिरकी घालायची, झाकणाला वेलक्रो. दरड आली, ओढा फुगला, घर सोडायची पाळी आली तर एवढी एकच वस्तू उचलायची आणि चालू पडायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थना झाली की ती पिशवी खाटेवर ओतायची, एकेक वस्तू तपासायची आणि पुन्हा भरायची. आम्ही पाहुणे गेलेलो असलो तरी आधी पिशवी, मग जेवण.

तिचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी मला वाटायचं ती कुठं तरी पडली असेल. खरी गोष्ट तिने फार उशिरा सांगितली. एका वाडीवरून बाळंतिणीला डोलीत घालून खाली आणत होते, पावसाळी दुपार, आणि वाटेत त्या बाईचा रक्तस्राव थांबेना. आत्याने एका हाताने तिचं पोट दाबून धरलेलं, तो हात काढायची सोय नाही. इंजेक्शनच्या डब्याचं झाकण मात्र असं घट्ट की दोन हातांशिवाय उघडणार नाही. बाकीचे डोली धरून ओढ्यात उभे. तिने ते झाकण दाताने उचकटलं. बाई वाचली, दात गेला. "तवा कळलं बघ, विदे," ती म्हणाली, "अडचनीच्या टायमाला मानसाला दोन हात नसत्यात. एक हात कुनाला तरी धरलेला असतोय." तेव्हापासून तिच्या पिशवीत शिरायची एकच परीक्षा होती. डावा हात पाठीमागे, डोळे मिटलेले. अशा अवस्थेत जी वस्तू सापडत नाही, उघडत नाही, चालत नाही, ती बाद.

मला हे सगळं जरा म्हातारचळाचं वाटायचं. तरी तिची हौस म्हणून मी एकदा ऑनलाइन तयार किट मागवलं आणि वाढदिवसाला घेऊन गेले. चांगली महागाची बॅग, आत होकायंत्र, मासे धरायचा गळ, चकमक, घडीचं फावडं. आत्याने सगळं खाटेवर मांडलं, डोळे मिटले, डावा हात मागे घेतला. पाचेक मिनिटांत निकाल लागला. "मासं कोन धरनार, चर्चचं पाळकसाहेब? आनि उत्तर दिशा कुठली ते राजूरात राहून मला ठावं न्हाई व्हय?" एवढ्या सामानातून तिने फक्त शिट्टी उचलली. "ओरडून घसा बसतोय. शिट्टीचं तसं न्हाई." बाकी सगळं मला परत. मग तिने तिची पिशवी दाखवली. अंगठ्याने दाबून लागणारी बॅटरी. एका बोटाने झाकण उघडणारी पाण्याची बाटली, कारण दात आता जपायचे होते. मिठासाखरेच्या पुड्या, बोथट टोकाची कात्री, जुना चष्मा, कागदांच्या झेरॉक्स. आणि सगळ्यात मोठा मान एका मऊ जुन्या सुती लुगड्याला. त्याची झोळी होते, पट्टी होते, त्यातून पाणी गाळता येतं, पीळ दिला की धरायला दोर होतो, आणि काहीच झालं नाही तर पांघरायला होतं. चुका तिच्याही व्हायच्या. एका पावसाळ्यात तिने गुळाची ढेप ठेवली आणि पिशवीत मुंग्यांनी संसार थाटला, ते ती स्वतःच हसत सांगायची. मी मात्र माझ्या किटच्या अपमानाने रुसून आठवडाभर तिला फोन केला नाही.

मग मागच्या पावसाळ्यात नगरला सीना नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. संध्याकाळ व्हायची होती. घरात मी आणि पप्पा, दोघंच. पप्पा चौऱ्याऐंशीचे, काठीशिवाय चालता येत नाही. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा मी काय उचललं असेल? सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी सहामाहीचे तपासायचे पेपर उचलले. पस्तीस मार्कांचे, दोन तुकड्यांचे. पेपर छातीशी धरून मी पप्पांना हाका मारत होते आणि ते गेटापासून परत फिरले, आतल्या खोलीतलं बायबल आणायला. आमचं ते पणजोबांच्या वेळचं बायबल, उशीएवढं जाड. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेले आहेत. परत येताना पप्पा गुडघाभर पाण्यात पडले, बायबल तेवढं त्यांनी वर धरून ठेवलं. माझे दोन्ही हात पेपरांत. शेजारच्यांनी धावून येऊन त्यांना उचललं. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये पोहोचलो तेव्हा पप्पांचं मनगट मोडलेलं होतं, डोळ्यांवर चष्मा नव्हता, बीपीच्या गोळ्या घरी पाण्यात. मांडीवर बायबल मात्र कोरडं. आणि माझे पेपरही कोरडे. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या एस.टी.ने आली. मला वाटलं आता उद्धार करते. तिने पप्पांचं प्लास्टर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "कापड आन ताडपत्रीचं. सुई हाय का घरात?" दोन दिवसांत आमची पिशवी तयार झाली, तीच परीक्षा लावून. नापास होता होता मी डोळे मिटून वस्तू काढायला शिकले. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त पप्पा बायबल पिशवीत घालत आणि आत्या बाहेर काढायची. शेवटी तिने ते एका हातात घेतलं, दुसऱ्या हातात पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या. "बघ दादा, एवढं वजन हाय."

"देवाचं वचन ओझं वाटायला लागलं का तुला?" पप्पा तापले.

"वचन मला पाठ हाय. तुलाबी पाठ हाय. तुला त्यातली नावं पायजेत, खरं सांग."

पप्पांचा हात बायबलच्या पहिल्या पानावर गेला. त्या पानावर माझ्या आईच्या मृत्यूची तारीख आहे, आणि त्यांचा एक मुलगा, माझा भाऊ, जो आठ दिवसच जगला, त्याचं नाव जगात त्या पानाशिवाय कुठेच नाही. आत्या बसली आणि तिने सगळी नावं, सगळ्या तारखा तिच्या रजिस्टरातल्या अक्षरात एका कागदावर उतरवून काढल्या, कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पिशवीच्या खिशात ठेवला. तिच्या स्वतःच्या नावापुढे जन्मतारीख होती, पुढची जागा कोरी. "एवढी तू भर, दादा," ती म्हणाली. "मी थोरला आहे," पप्पा म्हणाले, "मी आधी जाणार." आणि कागद झाला तरी बायबल त्यांनी सोडलं नाहीच.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची तालीम सुरू झाली. खुर्चीपासून गेटापर्यंत. माझ्या एका हातात पप्पा, दुसरा मोकळा. पण पप्पांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या काखेत बायबल, मग मी धरणार काय, सदऱ्याची बाही? बारा मिनिटं लागायची. पाणी बारा मिनिटं थांबत नाही हे मला आता ठाऊक होतं. आत्या फोनवर विचारायची, "किती झाली?" शेवटच्या वेळी मी कंटाळून सांगितलं, "सहा." ती म्हणाली, "खोटं बोलू नगं. बायबल काखेत असल्यावर सहात व्हत न्हाई. मी हाय तवर दादाला दटावीन. मग काय करशील?" मी म्हटलं, "बघू गं," आणि वह्या तपासायच्या आहेत सांगून फोन ठेवला. ते आमचं शेवटचं बोलणं. माझ्या त्या "बघू गं"चा मला राग येतो, रोज येतो.

नगरला आणून तिला माती दिली. हौसाबाईंनी पिशवी माझ्या हातात ठेवली आणि पदर तोंडाला लावला. घरी येऊन मी ती पप्पांसमोर ओतली. बॅटरी, बाटली, कात्री, लुगडं, माझी शिट्टी... आणि तळाशी एका डबीत बीपीच्या गोळ्यांची नवी पट्टी. आत्याला बीपी नव्हतं. तो जुना चष्माही मी इतकी वर्षं तिचा समजत होते, पप्पांनी तो डोळ्यांना लावला आणि त्यांना पट्टीवरचं गोळ्यांचं नाव वाचता आलं. वर्षातून एखाद्या वेळी राजूरला जाणाऱ्या भावासाठी तिने त्याच्या गोळ्या आणि त्याचा जुना चष्मा स्वतःच्या पिशवीत ठेवला होता, गोळ्या तारीख उलटायच्या आत बदलत. पप्पा बराच वेळ ती पट्टी हातात घेऊन बसले. मी शिट्टी उचलून आमच्या पिशवीत घातली.

परवा पहिला रविवार होता. चर्चहून आल्यावर पप्पांनी बायबल मागितलं. मोडून जुळलेल्या मनगटाने त्यांनी रूथच्या नावापुढची तारीख भरली. मग आमच्या पिशवीतला कागद मागितला आणि तिथली कोरी जागाही भरली. कागद त्यांनी स्वतः पाकिटात सरकवला. बायबल मिटून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "हे वर माळ्यावर ठेव. तिथं पाणी यायचं नाही." मी ठेवलं. ते खुर्चीत बसले, काठी उजव्या हातात घेतली, डावा हात माझ्यापुढे केला. "घड्याळ लाव."

गेटापाशी पोहोचलो तेव्हा साडेपाच मिनिटं झाली होती. साडेपाच, आणि या वेळी खरी. मी फोन काढला, राजूरचा नंबर शोधला, आणि मग थांबले. पप्पांनी माझा हात सोडलेला नव्हता. मी फोन ठेवून दिला, डोळे मिटले, मोकळ्या हाताने गळ्यातल्या पिशवीचं झाकण उघडलं, पहिल्याच झटक्यात शिट्टी हाताला लागली, आणि मी ती वाजवली, भर दुपारी, सगळी गल्ली दारात येईल एवढ्या जोराने.