कठघऱ्यावरची कमान

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले, हे आधीच सांगते. आम्ही अकोल्याचे बौद्ध. घरात ना अंगारा, ना लिंबू-मिरची. वडील अमौसीच्या विमानतळावर नोकरीला होते म्हणून लखनौचे झालो. मी आर्किटेक्ट आहे. जुन्या इमारतींची मापं घेते, नकाशे करते. भिंतीतून आवाज आला तर मी आधी पाइप शोधते...

मागे इथली एक जुनी कोर्टकचेरी दुरुस्तीसाठी माझ्याकडे आली. इंग्रजांच्या काळातली, आता बंद पडलेली. कोर्टरूमची रचना मात्र नीच — कठघऱ्याच्या, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्याच्या, डोक्यावर कमान अशी वळवलेली, की आरोपी वकिलाच्या कानात कुजबुजला तरी ते थेट न्यायाधीशाच्या खुर्चीपाशी ऐकू जावं. बिचाऱ्याला वाटायचं, आपलं बोलणं आपल्यापुरतंच आहे. बांधणाऱ्याच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं आणि किळसही आली.

त्या दुपारी असिस्टंट सुट्टीवर होता. धाकटा भाऊ राहुल डबा घेऊन आला, तर त्यालाच टेप देऊन कठघऱ्यात उभं केलं. राहुलवर तेव्हा केस चालू होती. मलिहाबाद रोडवर आंब्याच्या पेट्या नेणारा एक सायकलवाला त्याच्या गाडीखाली आला होता. "अचानक सामने आ गया, वहीं खत्म हो गया," एवढंच तो सांगायचा. आईचा त्यावर विश्वास होता, माझाही.

मापं घेताना आमची एक पद्धत असते — समोरचा आकडा सांगतो, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. मी न्यायाधीशाच्या जागी बसले होते. राहुल वाकून टेप लावत होता. कानाशी कुजबुज आली. सवयीने मी ती जशीच्या तशी मोठ्याने म्हटली, "पानी पिला दो, भैया."

राहुलच्या हातून टेप सुटला.

"ताई... आपको किसने बताया?"

"तूच बोललास ना आत्ता?"

तो नाही म्हणून मान हलवत खाली बसला. "बहुत देर तक माँगता रहा, यार."

"गाडीत बाटली नव्हती?"

"थी."

मी त्याला जवळ घेतलं नाही. सख्ख्या भावाची घाण वाटली मला. कोर्टात खरं सांग, म्हटलं. "पागल हैं क्या आप," म्हणून तो निघून गेला.

मग शिडी लावून वर चढले. कमान कधीच कोसळलेली होती. खालून कमान म्हणून दिसत होतं ते कुठल्या तरी शूटिंगसाठी ताणलेलं रंगवलेलं कापड. कापड असा आवाज नेत नाही.

केसची तारीख नव्या इमारतीत होती. बुटका हॉल, फॉल्स सीलिंग, एसीची घरघर. राहुल म्हणाला, "वहीं खत्म हो गया था, सर." न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली.

"पानी कौन माँग रहा है?"

हॉलमध्ये कोणीच बोललं नव्हतं. आईला वाटलं, राहुललाच तहान लागली असेल. तिने पर्समधली बाटली काढली आणि पुढे होऊन त्याच्यासमोर धरली. राहुल बाटलीकडे बघत राहिला.

"मैंने नहीं दिया था, आई," तो म्हणाला. स्टेनोने ते टाइप केलं.

तो आवाज कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला ठाऊक असेल तर सांगा... राहुल आत आहे. आई दर भेटीला पाण्याची बाटली नेते. गेटवर ती काढून घेतात.