पुलापलीकडचा फ्रीज

आमच्या वडशात संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळून झालं की सगळे ग्राउंडसमोरच्या टपरीवर बसतात. तिथे कोणीतरी फक्त "ब्रह्मपुरी" एवढं म्हणायचं. बस्स! दुसरा चहा सांगावाच लागतो. या विषयावरच्या गोष्टी इतक्या साचल्यात की एक सांगायला घ्यावी तर तिच्यामागून चार धावत येतात.

बाहेरगावच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. वडसा गडचिरोली जिल्ह्यात, आणि इथे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून दारूबंदी. वैनगंगेवरचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर. तिथेही मध्ये काही वर्षं बंदी होती, पण ती उठली. आमची काही उठली नाही. नदी एक, ऊन एक, दोन्हीकडे धानच पिकतं. पण पुलाच्या या टोकाला बियर म्हणजे गुन्हा आणि त्या टोकाला मेनूकार्ड!

माझं फ्रीजचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना थंडावा विकतो आणि स्वतः माठातलं पाणी पितो. मी काही पिणारा माणूस नाही. पण मे महिन्यात दुकानाचं तापलेलं शटर ओढताना वाटतं, एक थंड बियर असावी, खुर्चीवर बसून, कोणाला न भिता प्यावी. चोरून इथेही मिळते. कोणाच्या तरी डिक्कीतून येते, पेपरात गुंडाळलेली, गरम! ती मला नको. मला कायद्यातली पाहिजे. आणि ज्यांना ती मिळते त्यांच्यावर मी जळतो. उघड सांगतो, मी जळतो!

*

चंद्रपूरची बंदी उठली त्या दिवशी विलासने ग्राउंडवर पेढे आणले. विलास आमच्यातला, हायस्कूलला गणित शिकवतो.

"बंदी त्यायची उठली, तू काऊन पेढे वाटून राह्यला?" मी विचारलं.

"माह्यी सासरवाडी ब्रह्मपुरीची हाय ना भाऊ!"

आमच्या टीममध्ये सगळ्यात म्हातारे नामदेवभाऊ, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "लग्नाले इतके वर्ष झाले, अन् सासरवाडीचे पेढे आज वाटून राह्यला लेकाचा!"

*

तेव्हापासून विलास दर रविवारी सासरवाडीला. कधी सासूचा गुडघा दुखतो, कधी सासऱ्याचं बीपी वाढतं, काहीच नसलं तर "धान पाहून येतो." त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "पयले दिवाळीले ओढून न्या लागे. आता मी घरी, अन् हे एकटेच माह्या मायेरी!"

सोमवारी तो आम्हाला वर्णन ऐकवायचा. सासऱ्याच्या फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात बाटल्या कशा आडव्या ठेवलेल्या असतात, बाहेर काढल्या की कसं पाणी सुटतं. "अंगावर दव पडते बाटलीच्या, भाऊ!" आणि तो फ्रीजसुद्धा माझ्या दुकानातला नाही, ब्रह्मपुरीतून घेतलेला! माझा दोन्हीकडून जळफळाट.

एकदा लाज सोडून म्हणालो, "मले बी घेऊन चल ना एखाद्या रविवारी."

"सासरवाडीत दोस्त नेलेलं बरं दिसत नाई, भाऊ."

माझी सासरवाडी कुरखेड्याची. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, पार कोरडी! एकदा चिडून बायकोला म्हणालो, "शोभा, तुह्या बाबाले नदीच्या तिकडं घर बांधता नाई आलं?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "या गोठीत बाबाचं नाव काढू नका," म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

*

शेवटी एकदा मी एकटाच गेलो. पिऊन गाडी चालवायची नाही म्हणून रेल्वेने गेलो, इतका मी कायद्याचा माणूस! ब्रह्मपुरीत एका बारमध्ये बसलो. पंखा होता, खुर्ची होती. वेटरला म्हटलं, "एक थंड बियर."

"परमिट हाय का?"

"कायचं परमिट? इथी त चालू हाय ना?"

"चालू हाय, पन प्यायले परमिट लागते, साहेब. एका दिवसाचं इथीच भेटते. गाव कोनतं?"

मी अगदी हळू आवाजात सांगितलं. तो तितक्याच जोरात काउंटरकडे ओरडला, "एक परमिट, वडसा!"

सगळी टेबलं वळली. कोपऱ्यातून आवाज आला, "अरे! भाऊ, तुमी बी?"

माझ्याच दुकानातला मेकॅनिक! सकाळी मामा वारला म्हणून सुट्टी घेऊन गेलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. आता उद्या ही बातमी शोभापर्यंत जाणार, या भीतीने मी लिंबू सोडा सांगितला.

त्याने माझ्यासमोर दुसरी बाटली मागवली. मामाच्या दुःखात!

*

मग ठरलं की एकट्याने जायचं नाही, सगळी टीम न्यायची. पंधरा दिवस प्लॅनिंग चाललं. विलास सोडून सगळे गाडीत बसलो, कित्येक वर्षांनी सहलीला निघाल्यासारखे. ब्रह्मपुरीला उतरलो तर मी बसलो होतो तो बार बंद, त्याच्या पुढचाही बंद.

पानठेल्यावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आज कायची तरी मतमोजणी हाय. ड्राय डे!"

परतीच्या गाडीला वेळ होता. एका भोजनालयात बसून सगळ्यांनी मठ्ठा प्यायला. नामदेवभाऊंनी मिशी पुसली आणि म्हणाले, "घरी बाराही महिने फुकटात ड्राय डे हाय. आज तिकीट काढून पाह्यला!"

*

एक पोलीस हवालदार फ्रीज घ्यायला आले. सगळे दरवाजे उघडून पाहिले, भाजीचा ट्रे ओढून पाहिला. मग दरवाजाच्या कप्प्यात हात घालून म्हणाले, "याच्यात मोठी बाटली उभी राह्यते का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पान्याची ना साहेब?"

त्यांनी कप्प्यातून हात काढला. "नाई त कायची?"

"राह्यते साहेब. पान्याची मस्त राह्यते."

फ्रीज त्यांनी घेतला. महिन्याने मी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हाही त्यांच्या घरात पाणी स्टीलच्या पिंपात होतं.

*

उन्हाळ्यात वैनगंगेची रेती उघडी पडते. अलीकडचे लोक आणि पलीकडचे लोक, दोघेही रेतीत टरबुजाच्या वाड्या करतात. जिल्ह्याची हद्द तिथेच कुठेतरी आहे, पण रेतीवर कोणी रेघ मारून ठेवलेली नाही. विलासला एकदाची माझी दया आली. तो म्हणाला, "मी तिकडून दोन बाटल्या बर्फात घालून रेतीत येतो. तू इकडून ये. मधात बसू."

भेटलो. बर्फाचं पोतं, त्यातून बाहेर आलेली दोन हिरवी टोकं! माझा घसा आधीच ओला झाला. तेवढ्यात माझ्यातला कायद्याचा माणूस जागा झाला. "आपन कोनत्या जिल्ह्यात हाओत?"

विलास म्हणाला, "चंद्रपूर." मी म्हणालो, "पक्कं?" वाडीवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "बापा, माह्यं घर तिकडं, वाडी इकडं, टरबूज दोन्हीकडं विकतो. पान्याची धार जिकडं सरकते तिकडं जिल्हा सरकते म्हनतात. खरं काय थे नदीले माहीत!"

मी बाटली खाली ठेवली. विलास उठला, पोतं उचललं, ब्रह्मपुरीच्या दिशेने लांब जाऊन बसला आणि तिथून ओरडला, "इथी त पक्कं चंद्रपूर हाय! ये!"

मी एक पाऊल टाकलं. पुलावरून एक जीप चालली होती. कोणाची होती देव जाणे, पण मी जागेवरच बसलो. त्याने त्याची प्यायली, मग माझीही प्यायली, माझ्याकडे तोंड करून! मी टरबूज खात होतो. तेही गरम होतं.

*

घरी येऊन मी हे सगळं शोभाला सांगितलं. मनात इतकी आग होती की लपवायचं भान राहिलं नाही. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"माह्या बाबानं आमचं धान घरी येऊ देल्लं नाई कधी," ती म्हणाली. "खळ्यावरूनच जाये, दारूच्या भट्टीवाल्याकडं. गावातल्या बायायनं भट्ट्या फोडल्या तेव्हा मायनं मले कडेवर घेऊन काठी धरली होती. तुमची तहान हाय. आमचं घर होतं."

मी उठून माठातलं पाणी प्यायलो. पण जळणं काही थांबलं नाही, हेही खरं आहे.

*

आता शेवटची गोष्ट. ही अजून टपरीवर सांगितलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात दुकानात एक बाई आल्या. साठीच्या, ठसठशीत, घामाघूम. बसने आल्या होत्या. "मी सुमनबाई. विलास मास्तर माहीत हाय ना? त्यायची सासू."

ज्या फ्रीजचं वर्णन मी इतके सोमवार ऐकलं, त्याची मालकीण!

"फ्रीज पायजे. कुलूपवाला."

"कुलूप छोट्या फ्रीजले राह्यतेच बाई, पन कोनी लावत नाई."

"मी लावीन." त्यांनी एक फ्रीज लॉक केला, हँडल धरलं आणि असं ओढलं की अख्खा फ्रीज पुढे सरकला. कुलूप निघालं नाही. "हाच द्या."

डिलिव्हरीला मेकॅनिकला पाठवलं नाही. रविवारी मीच गेलो! वऱ्हांड्यात विलास आणि त्याचे सासरे बसलेले. मला पाहून विलास उभाच राहिला. मी फ्रीज लावला, तो थंड झाला. सुमनबाईंनी जुन्या फ्रीजमधल्या बाटल्या एकेक काढून नव्यात ठेवल्या. दव पडलेलं मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. विलास खोटं बोलत नव्हता.

मग त्यांनी दार लावलं, कुलूप फिरवलं आणि चावी पदराला बांधली.

सासरे कॅलेंडर पाहायला लागले. विलास माझ्याकडे असा पाहत होता, जणू मीच त्याची नोकरी घालवली.

"चहा घेता ना भाऊ?" सुमनबाई म्हणाल्या. चहा देताना म्हणाल्या, "तुमच्या बायकोचा मले हेवा वाटते. तिचं कुलूप सरकारनं लावून देल्लं. माह्यं मलेच लावा लागते."

कंपनी दोन चाव्या देते. दुसरी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "ही तुमी वडशाले ठेवा. इथी ठेवली त हे दोघं हुडकून काढतीन."

पुलावरून परत येताना मी शिट्टी वाजवत होतो. चावी मी घरी दारामागच्या खिळ्याला टांगली.

दुसऱ्या दिवसापासून ग्राउंडवर प्रत्येक बॉल विलास मलाच सेट करून द्यायला लागला. शुक्रवारी त्याचा फोन आला. "भाऊ, या रविवारी चला ना सासरवाडीले. माहे सासरेच बोलावून राह्यले. सासूबाई बहिनीकडं चालल्या दिवसभर. येतानी फक्त थे... आठवनीनं आना."

इतक्या वर्षांचं सगळं जळणं मी त्या एका शब्दात ओतलं. "पाऽहू," मी म्हणालो.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला, अंगाला पावडर लावली आणि दारामागे हात घातला. खिळा रिकामा! दाराखाली पाहिलं, चपलांच्या रॅकमध्ये पाहिलं, दुकानाचा जुडगा दोनदा तपासला.

"काय हुडकून राह्यले?" शोभाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काई नाई. विलाससंग ब्रह्मपुरीले जाऊन येतो म्हनलं."

"जा ना. सुमनबाईचा काल फोन आलता. तासभर बोलत होत्या. भल्ल्या चांगल्या बाई हायेत." ती चहा गाळायला वळली. तिच्या कमरेच्या छल्ल्यात कपाटाची चावी होती, कोठीची होती, आणि त्या दोघींच्या मधे एक बारीक, चपटी, नवी कोरी चावी होती. "चहा पिऊन जा."

बाहेर विलास हॉर्न वाजवत होता.