वडिलांनी मला कधीच न दिलेला किताब

वडिलांनी मला कधीही बहाद्दर म्हटलं नाही, याचा राग मी पन्नाशी ओलांडली तरी मनात धरून होतो. ते सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि विणकरांवर लक्ष ठेवायचे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जाई. मागांच्या खडखडाटातही विणकरांना शाबासकी देणारा त्यांचा आवाज दारापर्यंत यायचा, "वा रे माझ्या बहाद्दर!" माझ्या वाट्याला मात्र, "डबा ठेव आन् नीघ. आत पाऊल टाकायचं न्हाय."

पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि शब्दांची कुळं शोधायचा नाद लागला. बहाद्दर हा तुर्कांच्या मुलखातून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. दरबारात तो लढवय्याला मिळायचा किताब होता. आपण त्याला घरात आणून पार स्वस्त केलं. गणितात नापास झालेल्या पोरालाही विचारतो, "काय बहाद्दर, काय दिवे लावलेत?" ही सगळी विद्वत्ता घालून मी वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी लेख लिहिला. साध्या कामगाराला दरबारी किताब देणारा माणूस, असं त्यात ऐटीत म्हटलं होतं. रविवारी तो सगळ्या पाहुण्यांसमोर वाचायचा होता.

एखादा किस्सा हवा म्हणून त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका म्हाताऱ्या विणकराकडे गेलो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू विणकरांची वस्ती; त्यांच्या घरात सगळे तेलुगूच बोलत. माझ्याशी ते मराठीत बोलले. बाबा तुम्हाला बहाद्दर म्हणायचे, आठवतं का, असं मी विचारलं.

ते मनापासून हसले. "इसरीन कसं ओ मास्तर? दिवसातनं धा डाव म्हणायचे की."

"कशाबद्दल?"

"चालू मागाखाली हात घालून अडकलेलं सूत काढायचं. बंद करून काढलं तर भित्रा, चालू ठिवून काढलं तर बहाद्दर." कसं काढायचं ते दाखवायला त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून नव्हती.

डबा घेऊन गेलो की दाराशी येऊन याच हाताने ते माझी पाठ थोपटायचे. तेव्हा पाचही बोटं होती.

"दातेरी चाकात गेली," ते म्हणाले. "तुमच्या वडलांनीच उचलून दवाखान्यात नेलं. लई रडले. तुमी वाईट वाटून घिऊ नका." त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता आणि मला तेच सोसेना. चहा अर्धा टाकून उठलो.

स्कूटर सरळ घराकडे वळवली. माझ्या वडिलांनी शाबासकी देऊन माणसांचे हात चाकांत घालायला लावले होते, आणि तेच मी टाळ्या मिळवायला वाचणार होतो. माझी मलाच किळस आली.

वडील ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी उभ्यानेच विचारलं, "त्यांची बोटं कशी गेली?"

त्यांनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाले, "माग थांबला की मालक मला धारेवर धरायचा. वरडून कोण ऐकत न्हाय. बहाद्दर म्हटलं की ऐकायचे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी म्हटलं हुतं."

आणि अशा वेळी तोंडातून निघालं ते माझं जुनंच दुखणं. "सगळ्यांना म्हणालात. मला एकदाही नाही."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुजी धाई बोटं हायत नव्हं?"